काळीतला आखाडा : प्रस्तावना

आखाडा जळाला की तलाठी येतो. मार्च-एप्रिलात बांधावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं, पऱ्हाट्यांचे ढीग धुऱ्याला लागलेले असतात, आणि अशात वाऱ्याने विजेच्या तारा एकमेकींना घासून ठिणगी पडते किंवा शेजारच्याने पेटवलेला धुरा बघता बघता पुढं सरकतो. मोटार चालू करून पाइप जोडेपर्यंत छप्पर खाली आलेलं असतं. मग पंचनामा होतो. त्या पानभर कागदावर आखाड्यात काय काय होतं ते एकाखाली एक उतरतं: कडबा, हरभऱ्याची गुळी, तुषार संचाचे पाइप, फवारणीचा पंप, खताची पोती, तिफण, वखर, बाज, भांडी, आणि दैव फिरलेलं असेल तर दावणीचा बैल, वासरू, शेळी.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या शेतातल्या या इमारतीची सरकारदरबारी नोंद होण्याची ही बहुधा एकच वेळ. सातबाऱ्यावर विहीर दिसते, पीक दिसतं, बांधावरचं झाड दिसतं. आखाडा सहसा दिसत नाही. गावातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना आठ आहे, घरपट्टी आहे, नळपट्टी आहे. 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली गेली, घराघराच्या चतुःसीमा नकाशावर आल्या. पण ड्रोन गावठाणावर फिरला, काळीवर, म्हणजे शेतजमिनीवर, फिरला नाही. 1966च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने शेतकऱ्याला आपल्या रानात शेतीच्या कामापुरती इमारत उभी करायची मुभा दिली आहे आणि त्यासाठी जमीन अकृषिक करून घ्यावी लागत नाही. ही मुभा चांगलीच आहे. पण तिच्यामुळे आखाडा कागदाबाहेर राहिला तो राहिलाच. वाड्यांची छायाचित्रं निघाली, किल्ल्यांवर पुस्तकं झाली, गढ्यांचा इतिहास कुणी ना कुणी लिहिला. ज्या इमारतीच्या जोरावर वाड्यातली धान्याची बळदं भरली, ती मात्र कुणी मोजली नाही.

दूर स्पेनच्या उत्तरेला, गॅलिशिया आणि अस्तुरियास भागात, खांबांवर उचललेली लहानशी धान्यकोठारं आहेत. त्यांना ओरेओ म्हणतात. 1973 साली तिथल्या सरकारने फर्मान काढून शंभर वर्षांहून जुन्या ओरेओंना संरक्षण दिलं. ती कोठारंही शेतकऱ्यांनीच बांधलेली, साध्या लाकडादगडाची. तसं फर्मान आपल्याकडे निघावं असं मला म्हणायचं नाही. आखाडा हा जपून ठेवण्याचा प्रकार नाही, तो दर काही वर्षांनी शाकारावा, सावरावा, नव्याने उभा करावा लागतो. त्याची निदान नोंद तरी व्हावी, एवढ्यासाठी हे पुस्तक आहे.

नांदेड जिल्ह्यात आणि लागून असलेल्या परभणी-हिंगोलीकडे या इमारतीला आखाडा म्हणतात. लातूरकडे सरकलं की कोठा, गोठा हे शब्द जास्त ऐकू येतात. मी सगळीकडे आखाडा हाच शब्द ठेवला आहे, कारण माझ्या कानाला तो आधी लागला. ज्यांनी आखाडा पाहिलेला नाही त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं: गावापासून दूर, विहिरीजवळ किंवा रानाच्या उंचवट्यावर उभं केलेलं एक छप्पर, त्याखाली जनावरांची दावण, एका अंगाला माणसाने निजावं एवढी जागा, दुसऱ्या अंगाला अवजारं, पुढं अंगण, मागं कडब्याची गंजी आणि थोडं लांब उकिरडा. लातूरकडे गंजीला बनीम म्हणतात. आजूबाजूला एखादा लिंब किंवा बाभूळ हवीच. उन्हाळ्यात दुपारची जनावरं छपराखाली नाही, झाडाखाली बांधतात.

गाव वसलं ती पांढरी, पिकतं ती काळी. शेतकऱ्याचा संसार या दोन जमिनींत वाटलेला होता. पण पूर्वी जनावरं रात्री पांढरीतच येत. जुन्या वाड्यांत दरवाजातून आत शिरलं की एका बाजूला बसाउठायची ढाळज आणि दुसऱ्या बाजूला दावण असे. माणूस आणि बैल एकाच माळवदाखाली, मातीच्या छताखाली, झोपत. त्याला कारणं होती. रानात लांडगा होता, चोर होते. रात्रीचं रानात एकटं राहायला जिवाचा भरवसा लागतो, आणि तो सगळ्या काळात नव्हता. हा मुलूख 17 सप्टेंबर 1948पर्यंत, म्हणजे ‘पोलीस ॲक्शन’ म्हटल्या जाणाऱ्या भारतीय लष्कराच्या कारवाईपर्यंत, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या, धुमाकुळाच्या वर्षात नांदेडकडची कितीतरी कुटुंबं पैनगंगा ओलांडून उमरखेडच्या बाजूला गेली, लातूर-उस्मानाबादकडची (आताच्या धाराशिवकडची) सोलापूरच्या बाजूला गेली. रानातली छपरं ओस पडली, काही पेटवली गेली. ऐंशी-नव्वदीतल्या माणसांना आखाड्याचा काळ विचारला की ती हटकून ‘पोलीस ॲक्शनच्या आधी’ आणि ‘नंतर’ अशी विभागणी करतात. माझ्या समजुतीने बारमाही आखाडा, म्हणजे जिथं जनावरं आणि माणूस वर्षभर मुक्कामाला असतात तो, मुख्यतः त्या ‘नंतर’चा आहे. विहिरी वाढल्या, मोट जाऊन इंजिन आलं, इंजिन जाऊन वीज आली, बागायत झाली, आणि रानात रात्रंदिवस कुणीतरी असणं गरजेचं झालं. त्याआधीचा आखाडा सुगीपुरता असे: ज्वारी हुरड्यात आली की उभा राही, रास घरी गेली की मोडे.

सुगीपुरत्या आखाड्याची उभारणी सांगणारी माणसं आता थोडी आहेत, म्हणून ती जरा सविस्तर लिहितो. टोकाला फाटा असलेल्या बाभळीच्या दोन मेढी हातभर खोल पुरायच्या. त्या फाट्यांत आढं बसवायचं. आढ्यावरून दोन्ही बाजूंना वासे सोडायचे, वाशांवर आडव्या तुराट्या बांधायच्या आणि वर कडबा किंवा गवत शाकारायचं. खिळा एकही नाही. सगळी बांधणी अंबाडीच्या दोऱ्यांची. अंबाडी शेताच्या कडेला पेरत. पाल्याची भाजी होई, बोंडांची चटणी होई, आणि खोडं ओढ्यात दाबून कुजवली की वाख निघे. तो वाख मांडीवर वळून दावी, कासरे आणि छपराच्या दोऱ्या होत. भिंत म्हणजे तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा कूड, त्याला शेणमातीचा गिलावा, पण तोही पश्चिमेच्या आणि उत्तरेच्या अंगालाच, बाकी उघडं. किनवट-माहूरकडे जंगल जवळ असल्याने मेढी सागाच्या मिळत. देगलूर-बिलोलीकडे गोदावरी-मांजरेच्या काठाला शिंदीची पानं छपरावर येत. लातूरच्या पठारावर लाकूड मुळातच कमी, म्हणून तिथं दगड जास्त: काळ्या दगडाच्या मातीत रचलेल्या तीन भिंती आणि वर छप्पर.

जमीन मुरमाची हवी. काळीत चिखल होतो आणि जनावराचे खूर कुजतात, म्हणून चांगला शेतकरी गाडीने मुरूम आणून टाकी आणि दावणीकडून मागच्या अंगाला हलका उतार ठेवी, मूत वाहून उकिरड्याला जावं म्हणून. कंधार तालुक्यातल्या एका जुन्या आखाड्यात मी गव्हाण पाहिली. दगडमातीची, वर सागाची फळी. त्या फळीची आतली कड बैलांच्या माना घासून इतकी गुळगुळीत झाली होती की हात आपोआप फिरतो. प्रत्येक बैलाच्या जागी एक खोलगट. चार खोलगटांपैकी एक बाकीच्यांपेक्षा वर. आखाड्याच्या मालकाने सांगितलं, ती उंच बैलाची जागा. घरात चार पिढ्या उंच बैल त्याच खुंट्याला बांधतात. त्याच भिंतीतल्या देवळीत चिमणीच्या काजळीचा जाड थर होता आणि देवळीच्या खाली कोळशाने ओढलेल्या उभ्या रेघा. त्या रेघा सालगड्याच्या खाड्यांच्या. जितके दिवस गडी आला नाही तितक्या रेघा, आणि पाडव्याला हिशेबात तितके दिवस वजा.

आखाड्याच्या छपराखाली सगळ्यात जास्त रात्री कुणी काढल्या असतील तर त्या सालगड्याने. गुढीपाडव्याला साल ठरायचं, पुढच्या पाडव्याला फिटायचं. ठराविक पैसे, ठराविक धान्य, एखादी घोंगडी, पायताण. पैशातला मोठा भाग उचल म्हणून आधीच घेतलेला असे: मुलीच्या लग्नाला, दवाखान्याला, आधीच्या मालकाचं फेडायला. उचल फिटली नाही की पुढचं साल त्याच दारात. पहाटे शेण काढण्यापासून रात्री वैरण टाकण्यापर्यंत आणि मधे औत, पाणी, राखण, हे सगळं त्याचं. गड्याची बायको शेण काढी, गवऱ्या थापी, सुगीत रानात राबे. तिच्या बऱ्याचशा कामाला वेगळी मजुरी धरलेली नसे. सालगडी बहुतेक भूमिहीन, आणि त्यांतले फार मोठ्या संख्येने दलित समाजातले. 1976 साली वेठबिगारी कायद्याने बंद झाली. सालाची रीत मात्र करार म्हणून चालू राहिली, आजही थोडी आहे.

हे सांगितल्याशिवाय आखाड्यावर लिहिणं मला खोटेपणाचं वाटतं. रानातली चांदणी रात्र, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, चुलीवरची भाकरी, या आठवणी खऱ्या आहेत, पण त्या बहुतेक मालकांच्या मुलांच्या आहेत. सुट्टीत आखाड्यावर मुक्कामाला जाणं वेगळं आणि स्वतःचं घर गावकुसाबाहेर असताना दुसऱ्याच्या बैलांजवळ वर्षभर निजणं वेगळं. म्हणून या पुस्तकात मी जिथं जिथं मालकाची आठवण घेतली, तिथं त्या आखाड्यावर राहिलेल्या गड्याची किंवा त्याच्या घरच्यांचीही घेण्याचा प्रयत्न केला. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही आठवणी तशाच ठेवल्या. फरक बहुधा जागेबद्दलच पडतो. मालक सांगतो, गड्याला झोपायला बाज होती. गडी सांगतो, बाज होती, पण पावसाळ्यात तिच्यावर खताची पोती असत आणि तो कडब्यावर निजे.

जनावरांशिवाय आखाड्याला अर्थ नाही, आणि जनावरांच्या बाबतीत या दोन जिल्ह्यांचं भाग्य मोठं. लाल कंधारी ही नांदेडच्या कंधारची जात, देवणी ही लातूरच्या देवणीची. दोन्ही गावांची नावं देशभरच्या पशुवैद्यकाच्या पुस्तकांत गेली ती तिथल्या गायीबैलांमुळे. लाल कंधारी गडद लाल, आटोपशीर, चिवट, कमी चाऱ्यावर निभावणारी आणि औताला न थकणारी. देवणीचे रंगावरून तीन प्रकार सांगतात: वानेरा, बालंक्या आणि शेवरा. वानेऱ्याचं अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या. बालंक्या जवळजवळ सगळाच पांढरा. शेवऱ्याच्या पांढऱ्या अंगावर काळे ठिपके विखुरलेले. देवणीची गाय दुधालाही चांगली, बैल कामालाही. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते आणि उदगीर तालुक्यात हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार भरतो. या दोन ठिकाणी दाव्याला धरलेला बैल पाहून जाणती माणसं आखाडा कसा असेल ते ओळखतात. गुडघ्याला घट्टे असतील तर जमीन कडक आणि वैरणीचं अंथरूण नाही. शेपटीचा गोंडा शेणाने लडबडलेला असेल तर जागा अपुरी. खांदा सुजलेला असेल तर मालक जुवाची काळजी घेत नाही. बैल कुठल्या छपराखालून आला हे त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं.

आता कडब्याचं. माझं या पुस्तकात एकच मोठं म्हणणं आहे आणि ते कडब्याबद्दल आहे: आखाडा उभा होता तो मेढींवर नव्हे, ज्वारीवर.

ज्वारीचं एक ताट म्हणजे वर माणसाचं अन्न आणि खाली जनावराचं. रब्बीची मालदांडी पुरुषभर उंच वाढे. कणसं खुडली की खाली उरे तो गोडसर, लांब कडबा. त्याच्या पेंड्या बांधून गंजी लागे आणि त्या गंजीवर चार बैल, दोन गायी, एखादी म्हैस पुढचा पाऊस पडेपर्यंत निघत. छपराला कडबा, निजायला कडबा, कुडाच्या फटीत कोंबायला कडबा. जनावरांचं शेण रानात जाई आणि पुन्हा ज्वारी येई. साठच्या दशकात संकरित ज्वारी आली. 1972च्या दुष्काळानंतर तर तिच्यावर घरं जगली. त्या ज्वारीला नावं ठेवणं कृतघ्नपणाचं होईल. पण तिचं ताट बुटकं. बैल ते मन लावून खात नाही, असं प्रत्येक आखाड्यावर ऐकलं. खरिपातलं कणीस परतीच्या पावसात सापडलं की काळं पडे, आणि भाव जाई.

मग सोयाबीन आलं. नव्वदच्या दशकापासून ते या दोन्ही जिल्ह्यांच्या काळीवर पसरत गेलं आणि लातूर त्याची मोठी बाजारपेठ झाली. शंभर-एक दिवसांत पीक हातात, रोख पैसा, मळणीयंत्राने दिवसात काम उरकतं. शेतकऱ्याने ते का धरलं हे त्याला विचारायचीही गरज नाही. पण सोयाबीनला कडबा नाही. मळणीयंत्रामागे जो भुसा पडतो तो जनावर दुसरं काही नसेल तेव्हा खातं. ज्वारीचा पेरा आटला तसा कडबा विकत घ्यावा लागू लागला, कडबा विकत घेऊन बैल पोसणं परवडेना, तोवर गावात ट्रॅक्टर भाड्याने मिळू लागला, आणि दावणीवरचा एक-एक खुंटा रिकामा होत गेला. बैल गेला म्हणून आखाडा ओस पडला असं सगळे सांगतात. मला हा क्रम उलटा दिसतो. आधी ज्वारी गेली, मागोमाग कडबा गेला, आणि बैल शेवटी गेला. पुस्तकातली तिसऱ्या आणि चौथ्या प्रकरणांची मांडणी या क्रमाने आहे. ज्यांचा अनुभव वेगळा असेल त्यांनी तो माझ्यासमोर जरूर मांडावा.

धान्य साठवण्याच्या जागांना मी स्वतंत्र प्रकरण दिलं आहे, तरी इथं थोडक्यात. आखाड्यावर धान्य फार दिवस राहत नसे. खळ्यावर रास झाली की बलुतेदारांचं, गड्याचं माप होई आणि उरलेलं गाडीने पांढरीत जाई. तिथं ते बळदात पडे किंवा पेवात. बळद म्हणजे वाड्याच्या भिंतींत धरलेली खिडकी-दार नसलेली खोली: वर माळवदातल्या भोकातून धान्य ओतायचं आणि खाली लहानशा तोंडातून काढायचं. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं, आतून कडब्याने मढवलेलं, तोंड मातीने लिंपलेलं कोठार. पेव उघडल्यावर आत लगेच उतरायचं नाही. आधी दिवा सोडून बघायचा. दिवा विझला तर आतली हवा विषारी. ही खूण माहीत नसलेली माणसं पेवात गुदमरून गेली आहेत. निजामी राजवटीच्या शेवटच्या वर्षांत सरकारने धान्याची सक्तीची लेव्ही लावली, तेव्हा बळदांना आणि पेवांना आणखी एक काम आलं. मापाला येणाऱ्या माणसाला कुठलं बळद दाखवायचं आणि कुठल्या पेवावर शेणाने सारवून वर गवऱ्यांचा कलवड रचायचा, याच्या हकिकती दोन्ही जिल्ह्यांत ऐकू येतात. त्यातल्या ज्या दोन वेगवेगळ्या घरांनी सारख्याच सांगितल्या, त्याच मी घेतल्या आहेत.

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे, चारला काही मिनिटं असताना, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या गावांत हजारो माणसं झोपेतच गेली. त्या मरणाचं कारण पुष्कळ अंशी डोक्यावरचं छप्पर होतं. इथल्या घरांच्या भिंती जाडजूड, गोल दगडांच्या, मातीत रचलेल्या. वर माळवद: तुळया, त्यांवर किलचन, त्यावर पाला आणि त्यावर पांढरी माती. पाऊस गळू नये म्हणून पावसाळ्याआधी मातीचा नवा थर पडे, आणि जुना कुणी काढत नसे. वर्षानुवर्षांच्या त्या थरांचं ओझं प्रचंड झालं होतं. तेच माळवद उन्हाळ्यात घर गार ठेवी. त्यावर पापड वाळत, रात्री माणसं निजत. जमीन हलली तशा भिंती बाहेर फुटल्या आणि दगडमाती आत आली. जिथं माळवदाचा भार भिंतींवर न टाकता लाकडी खांबांच्या खणांवर घेतलेला होता, तिथं पुष्कळदा भिंती पडूनही खण उभे राहिले, आणि त्यांखालची माणसं निघाली.

त्या रात्री रानात असलेले वाचले. किल्लारी, सास्तूर भागात ही गोष्ट घरोघरी आहे: कुणी राखणीला गेला होता, कुणी पाणी द्यायला, कुणी सालगडी म्हणून आखाड्यावर निजला होता, आणि सकाळी गावाकडे पाहिलं तर गाव नव्हतं. आखाड्याचं छप्पर हललं, गंजी कलली, बैल दावी तोडून पळाले, पण वर मातीच नव्हती म्हणून खाली कुणी दबलं नाही. वाड्यात राहणाऱ्याचं छप्पर जड होतं आणि गड्याचं हलकं, एवढ्या फरकावर त्या पहाटे माणसं जगली आणि मेली. मी या भागातल्या आठवणी नोंदवल्या तेव्हा काही जणांनी हे फार हळू आवाजात सांगितलं, कारण वाचलेल्यांतल्या अनेकांची बायकामुलं गावातल्या घरात होती.

भूकंपानंतर 52 गावं नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, सारखी घरं, आधीच्या गावापेक्षा कितीतरी मोठा पसारा. त्या घरांनी माणसांना भक्कम छत दिलं, हे पहिल्यांदा सांगितलं पाहिजे. पण घरांच्या आराखड्यात बैल, म्हैस, कडबा आणि औत यांचा विचार फार ठिकाणी अपुरा पडला. दोन-तीन वर्षांतच सिमेंटच्या घरांशेजारी पत्र्याचे आडोसे, कुडाची छपरं उभी राहिली, आणि ज्यांचं रान नव्या गावापासून लांब पडलं त्यांनी जनावरं कायमची आखाड्यावर नेली. भूकंपग्रस्त भागात आखाडे वाढले ते या कारणाने. बाकीच्या मराठवाड्यातही भीतीने माळवदांवरची माती उतरवली गेली आणि पत्रे आले. पत्र्याला कुरूप म्हणणाऱ्यांची मला मोठी चीड येते. ज्याच्या घरातली माणसं मातीखाली गेली, त्याला डोक्यावर पत्रा बरा वाटतो, आणि त्याचं बरोबर आहे.

लातूर, धाराशिव आणि लगतच्या नांदेडकडच्या काही भागांत मार्गशीर्ष अमावास्येला येळवस होते. त्या दिवशी गावं ओस असतात आणि रानं भरलेली. ज्वारीच्या ताटांची किंवा कडब्याच्या पेंड्यांची कोप उभी करून, आत दगडाचे पाच पांडव मांडून, चुना लावून त्यांची पूजा होते. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर असं जेवण असतं, आणि रानातून जाणाऱ्या कुणालाही जेवल्याशिवाय सोडत नाहीत. लातूरला त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते. सुगीपुरत्या आखाड्याची बांधणी ज्यांना अजून हातानं येते ती माणसं मला येळवशीलाच भेटली. कोप बांधताना पोरांना वाशांचा कोन दाखवणारी एक आजी त्यांत होती. ज्यांच्या रानात आता ज्वारी नाही, ते कोपीपुरत्या पेंड्या शेजाऱ्याकडून मागून आणतात.

ती कोप आणखी एका ठिकाणी दिसते, आणि तिथं सण नसतो. बालाघाटाच्या रांगेतल्या मुखेड, कंधार, जळकोट या तालुक्यांतून दसरा-दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला जातात. कारखान्याच्या रानात पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोपींत त्यांचा हंगाम निघतो. मागे गावात म्हातारी माणसं आणि आखाड्याला कुलूप. काही तांड्यांवर मी उन्हाळ्यात गेलो, ती माणसं नुकतीच परतलेली होती आणि पहिलं काम छप्पर शाकारण्याचं चाललं होतं.

आजच्या आखाड्याचं काय? तो मेला असं म्हणणारे रानात गेलेले नाहीत. गव्हाणीच्या जागी ठिबकच्या नळ्यांची वेटोळी आहेत, देवळीत मोबाइलचा चार्जर आहे, मेढीला मोटारीचा स्टार्टर ठोकलेला आहे. शेतीला वीज पाळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. त्या रात्रीच्या पाळीला शेतकरी आखाड्यावर निजतो, थंडीत दोन वाजता उठून दांड फोडतो. विंचवाकाट्याची, रानडुकरांची भीती तीच. काढलेलं सोयाबीन भाव येईपर्यंत पोत्यांत इथंच थप्पी लावून ठेवतात, म्हणजे पूर्वी जे काम बळद करी त्यातलं थोडं आखाड्याकडे आलं. कीटकनाशकांचे डबेही इथंच असतात, पाण्याच्या माठापासून हातभर अंतरावर, आणि याबद्दल मी भेटेल त्या प्रत्येकाशी भांडलो आहे.

सरकारनेही गोठ्याकडे पाहिलं, पण वेगळ्या बाजूने. 2021मध्ये आलेल्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत रोजगार हमीतून पक्क्या गोठ्याला पैसे मिळू लागले. दोन ते सहा जनावरांसाठी 7.7 मीटर लांब आणि 3.5 मीटर रुंद, म्हणजे 26.95 चौरस मीटरचा गोठा, गव्हाण, मूत साठवायला 250 लिटरची टाकी, आणि या सगळ्याला 77,188 रुपये. शेण काढणाऱ्या बाईच्या कमरेला सिमेंटच्या जमिनीने किती आराम मिळतो ते तिला विचारावं. मूत साठवण्याची सोय तर फार चांगली. पूर्वी ते खत म्हणून जितकं रानात जाई त्याहून जास्त वाया जाई. माझी तक्रार मापाची आहे. राज्यभर एकच नकाशा. लातूरच्या पठारावरचा वारा, नांदेडच्या मे महिन्यातला पत्रा, किनवटचा पाऊस, यांना एकच उंची आणि एकच तोंड चालत नाही. जुन्या आखाड्याचं तोंड बहुधा पूर्वेला असे, पश्चिमेला बंद कूड असे. मावळतीचं ऊन आणि पावसाची झड दोन्ही त्याने अडत. हे ज्याला कळलं तो गवंडी सरकारी मापातही गोठा बरोबर फिरवून बसवतो. असे काही गोठे मी पाहिले आणि त्यांचे आराखडे पुस्तकात दिले आहेत.

आता रचनेबद्दल थोडं. आखाड्यांची मापं मी सांगणाऱ्याने ज्या मापात सांगितली त्याच मापात दिली आहेत: कुठं हात, कुठं फूट, माळवदाच्या घरांना खण. प्रत्येक रेखाचित्रात उत्तर दिशा आणि विहिरीची जागा दाखवली आहे, कारण विहिरीशिवाय आखाडा का तिथं आहे ते कळत नाही. माणसांची आणि खेड्यांची नावं बहुतेक ठिकाणी गाळली आहेत. उचलीचे, वाटणीचे, बांधाचे विषय निघाले की माणसं मोकळेपणाने बोलली ती नाव येणार नाही या बोलीवर, आणि ती बोली मला पाळायची आहे. तालुका मात्र सगळीकडे आहे. नांदेडचे किनवट आणि माहूर तालुके या पुस्तकात अपुरे आहेत. तिथल्या गोंड, कोलाम आणि आंध कुटुंबांच्या छपरांची बांधणी इतकी निराळी आहे की तिला दोन-चार पानांत कोंबणं अन्यायाचं झालं असतं. ते काम मी वेगळं धरलं आहे. ज्यांच्या रानात जुना आखाडा अजून उभा आहे त्यांनी तो पाडण्याआधी एकदा आतून फोटो काढावेत: गव्हाणीचा, देवळीचा, आढ्याच्या सांध्याचा. आणि तिथं राहिलेल्या माणसाला शेजारी बसवून विचारावं, कोणता खुंटा कोणाचा होता.